लघवीची जळजळ आणि डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

शाळा सुटते तेव्हा कित्येक मुलींच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच असतात. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, हे आमच्या उशिरा लक्षात आले. दोष आमचाही आहे.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सें.मी. असतो. आतड्यातले ई. कोलाय जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात, आणि लघवी तुंबवली की त्यांना वाढायला सवड मिळते. मग जळजळ, आणि संकोचापोटी डॉक्टरांऐवजी मेडिकल दुकान किंवा घरच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या! नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन एकेकाळी हमखास लागू पडत. आज भारतात पुष्कळशा ई. कोलायवर त्यांचा परिणाम होत नाही. औषधाने दुबळे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि तेच वाढतात. शिवाय परीक्षेत कॉपी पुरवावी, तसा हा गुण ते शेजारच्या जंतूंनाही देतात. १९५३ पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरॅन्टॉइन अजून बहुधा उपयोगी पडते, पण ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

त्रास वारंवार होत असेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करावी. दोन-तीन दिवसांत कोणते औषध चालेल ते कळते. थंडी-ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे किंवा गरोदरपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मुलींनी तास चालू असतानाही निःसंकोच परवानगी मागावी. शिक्षकांना आम्ही तशी सूचना दिली आहे. विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी एवढीच : वरच्या मजल्यावर चालू नळ आणि दारांना आतून कडी.