कवटीतील मिलिमीटरचा हिशेब

सराफ गुंजेने मोजतो, सुतार सुताने, शिंपी बोटाने. दातांच्या दवाखान्यात चालणारे मोजमाप याहून बारीक असते, आणि चूक झाली तर भोगावे गिऱ्हाइकाला लागते. म्हणून ते कसे होते हे आपल्या व्यापारी व कारागीर वाचकांनी जाणून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

सगळ्या दातांचा एकच लांबट एक्स-रे असतो, त्याला ओपीजी म्हणतात. तो स्वस्त आणि उपयोगी आहे, पण त्यावर पट्टी ठेवून लांबी मोजू नये. या चित्रात सगळे साधारण वीस ते तीस टक्के मोठे दिसते. तेही सगळीकडे सारखे नाही. डोके जरा वाकडे ठेवले की माप बदलते. असे वजन काट्यावर ठेवले तर गिऱ्हाईक दुकानात भांडेल!

कानाच्या खाली कवटीला सुईसारखा हाडाचा एक काटा असतो, स्टायलॉइड. त्याची लांबी साधारण 25 ते 30 मिलिमीटर. याहून लांब असला आणि घशात काही अडकल्यासारखे वाटणे, मान वळवताना कानात कळ येणे असा त्रास असला, तर अमेरिकेतील डॉ. ईगल यांनी 1937 मध्ये वर्णन केलेल्या विकाराची शंका घेतात. आता खरी लांबी 26 मिलिमीटर असेल, तर पंचवीस टक्के फुगलेल्या चित्रात ती 32 च्या पुढे जाते. धडधाकट माणूस कागदावर रोगी ठरतो. बरे, काटा खरोखर लांब असूनही पुष्कळांना काहीच त्रास नसतो. नुसत्या आकड्यावर शस्त्रक्रिया ठरत नाही.

1990 च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये सीबीसीटी यंत्र पुढे आले. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एक फेरी घेतो, शेकडो चित्रे निघतात आणि संगणक त्यांतून बारीक घनांची कवटी रचतो. एका घनाची बाजू बहुधा 0.1 ते 0.4 मिलिमीटर. येथे माप फुगत नाही, आणि हवे त्या दिशेने घेता येते. तरी मोजणारा हात माणसाचाच असतो. काटा वाकडा असेल तर सरळ मोजला की वळणावरून, यावर आकडा बदलतो. रुग्ण हलला किंवा तोंडात धातूची टोपी असली तर चित्र बिघडते.

खरी कसोटी कृत्रिम दात हाडात बसवताना लागते. खालच्या जबड्यात शिरेची नळी असते. हनुवटीच्या बाजूला जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रातून ती शीर ओठाकडे बाहेर येते. तिच्यापासून निदान 2 मिलिमीटर अंतर राखावे असा दंडक आहे. शिरेला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर होतो, कधी कायमचा. ओठात टाचण्या धरून काम करणारा शिंपी किंवा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, त्याच्या रोजीचाच हा प्रश्न.

याचा अर्थ प्रत्येक दाढदुखीला सीबीसीटी काढावी असा नाही. तिची किरणे बहुधा ओपीजीच्या कितीतरी पट असतात, आणि खर्चही जास्त. लहान मुलांच्या बाबतीत तर फार जपावे. ‘जबड्याचा हवा तेवढाच भाग काढता येईल का?’ असे विचारण्यात संकोच नको. भाग लहान घेतला की किरणेही बहुधा कमी लागतात.

या धंद्यात पैसा गुंतवू पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. आणि तपासणी करून घेणाऱ्याने अहवालाच्या कागदाबरोबर संपूर्ण चित्रांची प्रत सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा झाला तर तेच माप त्यांना पुन्हा घेता येते, नव्याने किरणे घ्यावी लागत नाहीत.