वाकलेल्या काठीला शेक

शतकानुशतके मत्स्यहीन म्हणून ओळखल्या गेलेल्या लोणार सरोवराचे नाव घेऊन मासे धरण्याच्या बांबूच्या काठीचा विषय काढावा, हे कित्येकांना विसंगत वाटेल. परंतु जुन्या काठीतील बाक काढताना ज्या द्रव्याशी गाठ पडते, ते लिग्निन उष्णतेने नरमते आणि तीव्र क्षारात विरघळते, आणि क्षाराचे तर लोणार हे आगरच आहे.

बांबूच्या भिंतीत सेल्युलोजचे तंतू पेराच्या लांबीने उभे धावतात, बाहेरच्या अंगास दाट व आतल्या अंगास विरळ. त्यांना परस्परांशी जखडून ठेवणारे लिग्निन वजनाने सुमारे चौथा-पाचवा हिस्सा असते. हा बाहेरचा दाट थर राखून, आतला मऊ भाग तासून, त्रिकोणी छेदाच्या सहा कामट्या सरसाने जोडल्या म्हणजे गळाची षट्कोनी काठी सिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात अशा काठ्यांसाठी विलायतेस व अमेरिकेस बांबू जाई तो कलकत्त्याहून. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी टॉमस यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील या शिकारीवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, यावरून साहेबलोकांची या शौकावरील निष्ठा ध्यानी यावी.

अशी काठी वर्षानुवर्षे कोपऱ्यात टेकून उभी राहिली, किंवा जड मासा ओढून ओढून थकली, म्हणजे तिला कायमचा बाक येतो. ताण अल्पकाळ असेल तर तंतू पूर्ववत होतात. परंतु तोच ताण मंदपणे, दमट हवेत, दीर्घकाळ राहिला तर तंतूंमधील लिग्निन कणाकणाने सरकते आणि नव्या आकारातच स्थिरावते. उलट दिशेने नुसते दाबून हा बाक जात नाही. तो ज्या द्रव्यात मुरला त्या द्रव्यासच पुन्हा नरम करावे लागते.

हे मर्म आपल्या बुरुडांस विज्ञानाची पुस्तके न वाचताच ठाऊक आहे. विस्तवावर वेळू शेकताना हात सारखा फिरता ठेवायचा, एकाच जागी आंच लागू द्यायची नाही, आणि काठी लवू लागली की बाकाच्या उलट अंगास किंचित अधिक वाकवून, ती पुरती निवेपर्यंत तशीच धरून ठेवायची. लाख तापली की लवते आणि निवताच घडवलेला आकार धरते, तसेच लिग्निनचे आहे. ओलाव्याच्या सान्निध्यात ते शंभर अंशांच्या आसपास नरमते, कोरड्या लाकडात त्याहून बरीच अधिक उष्णता मागते. दोनशे अंशांपलीकडे मात्र बांबूतील अन्य शर्करायुक्त द्रव्ये विघटित होऊ लागतात, काठी करपते आणि तिचा चिवटपणा कायमचा जातो. गाठीपाशी तंतू सरळ न धावता वळसे घेतात, म्हणून तेथील वाक सर्वांत हट्टी असतो.

जुन्या काठीत आणखी एक संकट दडलेले असते, ते सरसाचे. प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस उष्णता आणि ओल या दोहोंनी सुटतो. तेव्हा वाफेने शेकण्याचा मोह टाळून, कोरडी व सौम्य आंच बेताबेताने देणेच श्रेयस्कर. आधी वार्निश खरवडून काढावे, नाहीतर त्यास फोड येतात.

अग्नीने नरमलेले लिग्निन निवल्यावर पुन्हा बांधून धरते. दाहक सोड्यात शिजवलेले लिग्निन तंतूंस सोडून जाते, आणि याच मार्गाने बांबूचा लगदा करून कागद बनतो. लोणारच्या पाण्यातील क्षार हा मुख्यतः धुण्याच्या सोड्याच्या जातीचा, म्हणजे तुलनेने सौम्य. तरीही मेहकर सरकारातील या स्थळी काच व साबण यांची सामग्री मिळते, अशी नोंद अबुल फजलने 'ऐने अकबरी'त करून ठेवली आहे. काठीस त्या पाण्याचा उपयोग नाही. बाक निघाल्यावर तिला शेंड्याकडून टांगून ठेवावे; भिंतीस तिरपी टेकवली तर तोच बाक पुन्हा येईल.