ससा पाळायचा तर आधी गवताचा हिशेब

मुलांनी हट्ट धरला की बाप मुंबईहून येताना सशांची जोडी टोपलीत घालून घेऊन येतो. दुकानदार जोडीबरोबर तारेचा लहानसा पिंजरा, पाण्याची बाटली आणि रंगीत गोळ्यांची पिशवी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. सर्वात गरजेची वस्तू मात्र त्या मालात नसते. ती वस्तू म्हणजे सुके गवत. (हा लेख छंदाच्या सशाबद्दल आहे. मांसासाठी ससेपालन करणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो.)

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. लांब धाग्याचे गवत सतत चावल्यानेच ते झिजतात. त्याचे आतडेही असे आहे की गवताचा चोथा आत जात राहिला तरच ते चालते. आतडे थंडावले की पोटात वायू धरतो आणि जनावर एक-दोन दिवसांत जाते. घरचे लोक म्हणतात, नजर लागली. आमच्या मते पुष्कळदा गवत लागलेले नसते, एवढेच. मोठ्या सशाच्या खाण्यात पाच भागांपैकी चार भाग सुके गवत असावे आणि ते रात्रंदिवस त्याच्यापुढे असावे. गोळ्या द्यायच्याच तर सशाच्या दर किलो वजनामागे रोज पंचवीस ग्रॅम पुरे. त्याही साध्या, मका आणि रंगीत दाणे न मिसळलेल्या असाव्यात.

शहरातल्या दुकानांत टिमोथी नावाचे परदेशी गवत प्लास्टिकच्या पुड्यांत मिळते. ते थंड मुलखातले गवत आहे. चांगले आहे, पण भाव ऐकून माणूस पुन्हा गोळ्यांकडेच वळतो. आणि हे कुठे, तर डहाणूत! आपला हा सारा पट्टा गवताचा. इथले गवत दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जात असे. जमीनदार आणि व्यापारी त्यावर मोठे झाले, आणि १९४५ साली याच गवताच्या कापणीच्या मजुरीवरून गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली मजुरांनी संप केला. ज्या मालाने एवढा इतिहास घडवला, तो माल आपल्या दारात असताना सशासाठी परदेशी पुडा कशाला?

तरी सगळे गवत सारखे नव्हे. भाताचा पेंढा लोक गवत समजून घालतात. त्यात पोषण फार थोडे. तो अंथरायला ठीक, पोट भरायला नाही. मारवेल, पवन्या ही गवते चांगली. ती फुलोऱ्यावर असताना कापलेली हवीत. उभ्या उभ्या पिवळी पडली की काडी उरते, सत्त्व जाते. कुसळीचे गवत कुसळे धरण्याच्या आत कापले तरच घ्यावे, नाहीतर ती कुसळे सशाच्या तोंडात आणि डोळ्यांत जातात. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना चालतो, मोठ्यांना त्यातला चुना जास्त होतो. या नावाने कुणी फसू नये, लसूण आणि कांदा सशाला अपायकारक आहेत. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला रोज मूठभर द्यावा. गाजर हे चित्रातले खाणे, खऱ्या सशाला आठवड्यात दोन-चार चकत्या बस्स. आपल्याकडे घरोघर चिकू असतो, पण तो साखरेचा गोळा आहे, तो माणसांनीच खावा.

पिंजरा चार फूट बाय दोन फुटांहून लहान नको, आणि त्यातूनही रोज काही तास मोकळे सोडावे. तळाला नुसती तार असेल तर पायाला जखमा होतात, तेव्हा वर फळी किंवा शिंदीची चटई टाकावी. चटई कुरतडली तरी बिघडत नाही. धाकटी डहाणूच्या खाऱ्या हवेत तार लवकर गंजते, म्हणून लाकूड किंवा बांबू बरा. कोळीवाड्यात जुने जाळे हाताशी असते, ते मात्र पिंजऱ्याला लावू नये. ससा नायलॉनचा धागा कापून गिळतो.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट. अंथरायला कातरण फुकट मिळेल का, अशी विचारणा दुकानात होते. मिळेल, पण देऊ नये. कातरणीचे सुटलेले धागे पोटात गुंडाळी करतात, आणि टेरिकॉटचा धागा तर कुजतही नाही. जुने जाड सुती कापड, कडा दुमडून शिवलेले, तेवढेच वापरावे, आणि ससा ते खाऊ लागला तर काढून घ्यावे. मूत्राच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र आणि त्यावर पेंढा पुरतो. पाण्याला जड मातीची कुंडी उत्तम, ती उलटत नाही आणि पाणी गार राहते.

एप्रिल-मे हा सशाचा खरा काळ. त्याला घाम येत नाही, कानांतून काय उष्णता जाईल तेवढीच. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. पत्र्याखाली पिंजरा ठेवणे म्हणजे भट्टीत ठेवणे. ओले गोणपाट टांगतात, पण आपल्या दमट हवेत वारा नसेल तर त्याचा उपयोग थोडा. पाण्याची बाटली बर्फ करून, सुती कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. ससा तिला टेकून बसतो.

बारा तास खाणे आणि लेंड्या बंद असतील तर पशुवैद्याकडे न्यावे. घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी कधीही देऊ नये, तोंडावाटे दिलेली ती सशाच्या जिवावर बेतते.

गवत कापताना रानसशाची पिल्ले सापडतात आणि पोरे ती घरी आणतात. रानससा वेगळी जात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळण्यास मनाई आहे, आणि पिल्लू घरात सहसा जगतही नाही. जिथे सापडले तिथेच सोडावे, आई संध्याकाळी येते.

आता धंद्याचे बोलू. तबेल्याचा गिऱ्हाईक गठ्ठ्याचा भाव करतो. ससेवाल्याला लागते किलो-दोन किलोची स्वच्छ, हिरवट, बुरशी नसलेली पिशवी, आणि तिच्यासाठी तो गठ्ठ्याच्या भावाहून बरेच जास्त मोजायला तयार असतो. यात यंत्र लागत नाही. वेळेवर कापणी, दोन-तीन दिवस ऊन, मग सावलीत वाळवण, आणि साठवण थानांसारखी: जमिनीवर फळ्या, भिंतीपासून हातभर दूर, वर खेळती हवा. पिशवी सुती किंवा तागाची. प्लास्टिकमध्ये आपल्या हवेत गवताला घाम सुटतो. कापणाऱ्या बायांना निवडण्याची मजुरी वेगळी द्यावी, कारण माल त्यांच्याच हातून चांगला होणार आहे.

मागणी किती, याचा अंदाज असा: दोन किलोचा ससा रोज शंभर ग्रॅमच्या आसपास सुके गवत खातो. पावसाळ्याचे चार महिने, वाया जाणारे धरून, एका सशामागे पंधरा किलो. हा साठा मे अखेर घरात हवा, आणि त्यासाठीची कापणी आदल्या दिवाळीच्या सुमारास उरकलेली हवी.