स्वस्त शेअरांची चाळणी

खनिज चाळून त्याची प्रतवारी करण्याची रीत आपल्या डिचोली तालुक्यात सर्वांच्या परिचयाची आहे. झटपट नफ्याच्या आशेने दोन-पाच रुपयांचे शेअर घेणारेही अशीच चाळणी लावतात.

पहिली चाळणी किमतीची. दोन रुपयांच्या शेअरात दहा पैशांचा फरक म्हणजे शेकडा ५. हजार रुपयांच्या शेअरात तो कोणाच्या गणतीतही नसतो.

दुसरी, आणि आमच्या मते खरी, चाळणी उलाढालीची. दिवसात १०,००० शेअरांची विक्री झाली, हे ऐकावयास मोठे वाटते. परंतु दोन रुपयांप्रमाणे ती उलाढाल अवघी २०,००० रुपयांची! शिवाय अशा शेअरांच्या भावाला शेअरबाजाराने रोजची मर्यादा घातलेली असते. कोठे शेकडा २, कोठे ५, १० किंवा २०. भाव खालच्या मर्यादेस टेकला व गिऱ्हाईकच नसले, तर इच्छा असूनही विकता येत नाही. शेकडा ५ प्रमाणे सलग चार दिवस असे घडल्यास १०० रुपयांचे ८१ रुपये ४५ पैसे उरतात. (विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.)

मात्र वाढलेली उलाढालही फसवी असू शकते. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरांची यूट्यूबवर खोटी भलावण झाली, सामान्य लोक खरेदीस धावले आणि काहींनी चढ्या भावात आपले शेअर विकून टाकले, असे मुंबईच्या ‘सेबी’ने २ मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशात नमूद केले. आकड्यांच्या चाळणीतून असा शेअर सहज पार होतो. म्हणूनच जाणकार कंपनीचा ताळेबंद वाचतात, आणि प्रवर्तकांचा हिस्सा घटत तर नाही ना, हे दर तिमाहीच्या पत्रकात पाहतात.