शेवाळावर पेनिसिलिन

पावसाळ्यात उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी साचलेल्या डबक्यांवर निळसर हिरवा, बुळबुळीत थर धरतो. आपण त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो. त्यात बरेचदा नील-हरित शैवाल असतं, आणि ते चक्क जिवाणू असतं! म्हणूनच घसा धरला की घेतो ते पेनिसिलिन त्यालाही मारतं.

प्रयोगशाळेत अगारच्या थाळीवर हे शैवाल पसरतात. वर औषधात भिजवलेल्या, जेमतेम ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध अगारात झिरपतं. जिथं ते पुरेसं पोचतं तिथं हिरवा रंग धरतच नाही. चकतीभोवती फिकट वलय उरतं. पेनिसिलिनमुळे पेशीच्या भिंतीचे धागे एकमेकांना जोडले जात नाहीत. विटा रचल्या, पण सिमेंट नाही, पेशी फुटते. खऱ्या हिरव्या शैवालाची भिंत वेगळ्याच मालाची, त्यामुळे ते सहसा तगून राहतं.

गोम आहे वेळेची. आतड्यातल्या जिवाणूंचा निकाल दिवसभरात लागतो. इथं थाळी कित्येक दिवस उजेडात ठेवावी लागते. तेवढ्यात टेट्रासायक्लिनसारखं औषध उजेडानंच निकामी होत जातं. तेव्हा वलय लहान दिसलं म्हणून शैवाल चिवट ठरवणं घाईचंच.