चिमूटभर सिरियम, चिवट लोखंड

बिडात कार्बन साधारण ३ ते ४ टक्के असतो. वितळलेला रस थंड होताना त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. पापुद्र्यांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि तिथूनच तडा जातो. म्हणून बीड घणाखाली वाकत नाही, फुटते. ग्राफाइट तेवढेच ठेवून त्याच्या गोळ्या बनवता आल्या, तर तेच लोखंड चिवट होते.

सिरियमने हे साधते, असे ब्रिटिश कास्ट आयर्न रिसर्च असोसिएशनचे हेन्टन मॉरो यांनी १९४८ मध्ये जाहीर केले. सिरियम, लँथनम, निओडिमियम ही दुर्मीळ मृदा धातूंच्या कुळातली भावंडे. गंधक आणि प्राणवायू यांच्याशी त्यांचे बंध फार घट्ट जुळतात. रसातले हे दोन्ही घटक बांधले गेले, की ग्राफाइट गोल वाढू लागते. त्याच सुमारास अमेरिकेत हेच काम स्वस्त मॅग्नेशियमने होऊ लागले आणि पुढे तीच पद्धत रुळली.

तरीही दुर्मीळ मृदा धातू फाउंड्रीतून गेले नाहीत. मॅग्नेशियम सुमारे १०९० अंश सेल्सिअसला उकळते आणि रस १४०० अंशांच्या वर असतो. म्हणून ते फेरोसिलिकॉनच्या मिश्रधातूतून देतात आणि त्यातच थोडे सिरियम-लँथनम असते. भंगारातून आलेले शिसे, बिस्मथ, अँटिमनी, टायटेनियम गोळ्यांचा आकार बिघडवतात. त्यांचा बंदोबस्त सिरियम-लँथनम करतात. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात जे ‘एस. जी. आयर्न’ ओतले जाते, ते गोळ्यांच्या ग्राफाइटचे हेच लोखंड. ४००/१८ प्रतीचे असे लोखंड तुटण्याआधी किमान १८ टक्के लांबते. साधे बीड एक टक्काही लांबत नाही.

मात्रा मात्र नेमकी हवी. भंगार स्वच्छ असताना हे धातू जास्त पडले, तर जाड ओतीव भागाच्या गाभ्यात ग्राफाइट ओबडधोबड होते आणि ताकद घटते. शिवाय प्रक्रियेचा परिणाम काही मिनिटांत ओसरू लागतो, त्यामुळे रस साच्यात ओतायला उशीर चालत नाही.

हे धातू पोलादातही वापरले गेले. तिथे उपद्रव मँगनीज सल्फाइडचा. पत्रा लाटताना त्याचे कण लांबट होतात आणि आडव्या दिशेने पत्रा कमकुवत पडतो. दुर्मीळ मृदा धातूंचे ऑक्सिसल्फाइड लाटल्यावरही बहुधा गोलच राहते, म्हणून १९७० च्या दशकात तेल-वायूच्या नळांच्या पोलादात त्यांचा वापर वाढला. पण हे कण जड असल्याने मळीत सहज तरंगून येत नाहीत आणि अखंड ओतकामात नोझल तुंबवतात. कॅल्शियमचा पर्याय मिळताच बहुतेक कारखाने तिकडे वळले.

या धातूंना दोष देण्याआधी पोलादातला प्राणवायू पाहायला हवा होता. शेनयांगच्या धातुसंशोधन संस्थेच्या चमूने २०२२ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवून दिले, की पोलाद आणि मिसळायचा धातू या दोन्हींतला प्राणवायू आधी खूप कमी केला, तर बेअरिंगच्या पोलादाचे थकवा-आयुष्य, म्हणजे वारंवारचा ताण सोसत टिकण्याची मुदत, कितीतरी वाढते.