कॅरमच्या बोर्डाभोवती

संध्याकाळी सात वाजले की बहुतेक वस्त्यांत स्ट्रायकर सोंगटीवर आपटल्याचा आवाज सुरू होतो. समाजमंदिराच्या ओट्यावर, मंडळाच्या खोलीत, नाहीतर कुणाच्या दारासमोर उलट्या ड्रमवर बोर्ड मांडलेला असतो. चौघं खेळतात आणि दहाजण सल्ले देतात. आरोग्यफेरीत आम्ही या घोळक्यापाशी हमखास थांबतो, कारण दिवसभर कामावर असणारी पुरुषमंडळी एका जागी सापडण्याची तीच वेळ. खेळ बंद करा, असं सांगायला आम्ही थांबत नाही. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी एवढ्या भांडवलावर माणूस दोन तास साहेबाची बोलणी विसरत असेल, तर उत्तमच. पण बोर्डाभोवतीच्या काही गोष्टी बोलायला हव्यात.

आधी पावडर. बोर्ड गुळगुळीत राहावा म्हणून टाकतात ती अनेक ठिकाणी बोरिक पावडर असते, म्हणजे बोरिक ॲसिड. स्टार्चची पावडरही मिळते. पाकिटावर वाचून तीच घ्यावी. बोरिकचं पाकीट एकदा घरात आलं की त्याची कामं वाढतात. झुरळांसाठी कणकेत मळून गोळ्या होतात, तांदळाला लावली जाते, घामोळ्यांवर शिंपडली जाते, आणि कुणी आजी बाळाच्या लंगोटाखालीही टाकते. या शेवटच्या गोष्टीची आम्हाला खरी भीती वाटते. धडधाकट कातडीतून बोरिक फारसं आत जात नाही, पण कातडी सोललेली किंवा जखम असेल तर ते शरीरात शिरतं. बाहेर पडायला त्याला लघवीचाच मार्ग, आणि तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं तेवढी तयार झालेली नसतात. पूर्वी दवाखान्यांतही बोरिक सर्रास वापरत. लंगोटाच्या पुरळावर ते लावल्याने बाळं दगावल्याच्या नोंदी झाल्या, तेव्हा तो वापर मागे पडला. घराघरांत मात्र तो अजून टिकून आहे.

ही पावडर पिठीसाखरेसारखी दिसते, त्यामुळे रांगतं मूल ती चाटू शकतं. पोटात जास्त गेली तर उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. पुढे अंग लालबुंद होतं, कातडी सुटते, लघवी कमी होते. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. तोंड पुसा, पाकीट सोबत घ्या आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. मूल हसत-खेळत असलं तरी थांबू नका. डोळ्यांत गेली तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. खेळणाऱ्यांनीही हात धुऊनच वडापावला हात लावावा. तांदळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. बोर्डाची खेळायची जागा जेमतेम ७४ सेंटिमीटर. म्हणजे चार तोंडं समोरासमोर, हाताच्या अंतरावर, तासन् तास. वर खोलीची खिडकी बंद, कारण पंख्याच्या आणि बाहेरच्या वाऱ्याने पावडर उडते. क्षयरोगाच्या जंतूला याहून सोयीची जागा नाही. हा रोग खोकल्यातून हवेवाटे पसरतो; सोंगट्यांना हात लावून पसरत नाही. म्हणून खिडकी उघडा किंवा बोर्ड ओट्यावर काढा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असणाऱ्याने थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात.

आणि ज्याला क्षयरोग झाल्याचं कळतं, त्याचं काय होतं? दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वाट्याचं स्टूल दुसऱ्याला जातं. उघड कुणी बोलत नाही, पण जोडी बदललेली असते. खरं तर नेमाने गोळ्या सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत रोग पसरवण्याची शक्यता बरीच कमी होते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात जास्त वेळ लागतो, तेव्हा डॉक्टरांना विचारावं. न तपासता खोकत बसलेला गडी गोळ्या घेणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. साध्या क्षयरोगाचा उपचारही सहा महिन्यांचा असतो. आमच्या पाहण्यात मध्येच गोळ्या सोडणारे बरेचजण असे एकटे पडलेले होते. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याला बोलावून आणा.

कॅरमला व्यायाम समजू नका, एवढंही सांगायला हवं. मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा खेळणं लागतं, ते वेगळं. दोन बोर्ड झाले की उठून मान-पाठ मोकळी करावी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डावासाठी जेवण पुढे ढकलू नये. हात थरथरले, दरदरून घाम आला तर राणीचा नाद सोडून आधी साखर तोंडात टाकावी. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी बोर्डाखालचा कोपरा लाल असतो. पैसे लावून खेळणाऱ्यांबद्दल त्यांच्या घरच्या बायका आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

बायकांचं निघालंच आहे तर: या घोळक्यात त्या का नसतात? २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदकं जिंकणारी खाझिमा ही चेन्नईतल्या रिक्षाचालकाची मुलगी. धुणं-भांडी करून दुपारी घरी आलेल्या बाईलाही तासभर कुणाचं काही न करता बसायची गरज असते, आणि ती गरज तिच्या रक्तदाबाच्या गोळीइतकीच खरी आहे. दुपारी तीन ते पाच मंडळाचा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. खोलीची किल्ली कुणाकडे असते, तेवढं विचारून ठेवा.